शाल घेताना: शाहतूश टाळायची कशी आणि पैसा हिमबिबट्यापर्यंत पोचवायचा कसा

काश्मीर किंवा लडाखहून परतलेल्या माणसाकडे एक शाल असते आणि एक ठरलेलं वाक्य असतं: "अंगठीतून आरपार जाते, बघ." ते ऐकलं की मी गप्प बसते. ती शाल खरी पश्मिना असू शकते, नुसतं व्हिस्कोस असू शकतं, आणि क्वचित ती चिरू नावाच्या तिबेटी हरणाच्या लोकरीची, म्हणजे शाहतूश, असू शकते. तसं असेल तर घरात गुन्हा आलेला असतो. अंगठीला या तिघांतला फरक कळत नाही.

दुसरी चूक जरा शिकलेल्या माणसांची. "वन्यजीवांसाठी" असा कागद चिकटवलेलं काहीही घ्यायचं आणि आपण हातभार लावला असं समजायचं. दोन्हीकडे क्रम उलटा असतो. आपण आधी हात लावतो, मग भाव करतो, आणि कागद मागायचं शेवटी आठवतं किंवा आठवतच नाही. खालचा क्रम बरोबर उलट आहे. निघायच्या किमान पंधरा दिवस आधी सुरुवात करा, कारण पहिले तीन टप्पे घरीच होतात.

१. आधी घरचं कपाट उघडा

सगळ्या शाली बाहेर काढा आणि मोजा. मराठी घरात शाल-श्रीफळाचे सत्कार होतात, त्यामुळे सात-आठ तरी निघतील. त्यातल्या बहुतेक अॅक्रिलिकच्या, एकदाही न वापरलेल्या. (आमच्याकडे अकरा निघाल्या. त्यातल्या दोन तर अजून कोऱ्या पिशवीत होत्या.) ऊब हवी असेल तर ती घरात आहेच, नवी शाल कशासाठी हवी ते आता स्पष्ट ठरवा. गरज नसेल तर थेट तिसऱ्या टप्प्यावर जा. पैसा शालीशिवायही पोचवता येतो.

कपाट उघडण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आजीची किंवा पणजीची, फार हलकी, मातकट करड्या रंगाची शाल असेल आणि घरात तिला "तूश" म्हणत असतील, तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत चिरूचं नाव आहे. त्याच्या लोकरीची वस्तू विकणं हा गुन्हा आहे आणि मालकीचं प्रमाणपत्र नसताना ती नुसती जवळ ठेवणंही अडचणीत आणतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

अशी शाल विकू नका, भेट देऊ नका, लग्नात पांघरू नका, विमानात तर मुळीच नेऊ नका. जुने कागद शोधा. वारशाने आलेली अशी वस्तू ९० दिवसांत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. मुदत उलटली असेल किंवा कागदच नसतील तर आधी वकिलाला विचारा, मग वनविभागाकडे जा. "कुणाला कळतंय" हा सल्ला देणारे नातेवाईक पुढे सोबत येत नाहीत.

सावध: शाल तूश आहे की नाही, हे हाताला कळत नाही. काकूंना तर नाहीच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले राठ केस पाहून ते ठरतं.

२. शब्द पाठ करा, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही

पश्मिना ही चांगथांगी शेळीची आतली मऊ लोकर. ही शेळी पाळीव आहे. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरच्या वर, चांगपा मेंढपाळ तिला राखतात. उन्हाळ्याच्या तोंडाला शेळी केस गाळू लागली की फणीने विंचरून ही लोकर काढतात, शेळी जिवंत राहते. एका शेळीची वर्षाची कच्ची लोकर साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम. राठ केस वेगळे केल्यावर त्यातलं थोडंच उरतं, म्हणून एका शालीला तीनेक शेळ्यांची लोकर लागते.

शाहतूश मात्र चिरूची. चिरू जंगली आहे, त्याला कुणी पाळत नाही आणि विंचरतही नाही. आधी त्याला मारतात, मग कातड्यावरून लोकर काढतात. एका शालीसाठी तीन ते पाच जनावरं जातात. "झुडपांना अडकलेली लोकर वेचतात हो" ही गोष्ट तुम्हाला सांगितली जाईल, आणि फार प्रेमाने सांगितली जाईल. चिरू जिथे राहतो त्या पठारावर अडकायला झुडपं नावालाच आहेत.

सेमी-पश्मिना म्हणजे बहुतेक वेळा मेंढीची बारीक लोकर किंवा मिश्रण. वाईट नाही, फक्त पश्मिनाच्या भावात घेऊ नका. "सिल्क पश्मिना"त रेशीम किती ते विचारा. रस्त्यावर आठशे रुपयांना मिळणारी "पश्मिना" व्हिस्कोस किंवा अॅक्रिलिक असते. तीन शेळ्या, हाताने कातलेलं सूत आणि हातमाग एवढं सगळं आठशेत कसं बसेल, एवढा हिशेब पुरे. कानी आणि सोझनी ही कारागिरीची नावं आहेत, कानी विणकामाचं आणि सोझनी भरतकामाचं. ती ऐकून लोकर कोणती ते कळत नाही.

तपासा: "रिंग शाल", "शाही", "रॉयल", "तूश टच" यांतला एकही शब्द दुकानदाराने उच्चारला तर तुमचा पुढचा शब्द "नको" असायला हवा. त्याच्याकडे तूश बहुधा नसतेच, पण तुमच्या डोळ्यांतली चमक त्याला दिसते आणि मागणी अशीच जिवंत राहते.

३. कोणता प्राणी, कोणतं गाव, किती पैसे: हे घरीच ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात. मी तो सगळ्यात लांब लिहिते आहे.

पश्मिना घेतली म्हणजे वन्यजीव वाचले, असं होत नाही. त्याने फक्त चिरूला मारायला पैसा दिला जात नाही. शेळ्या वाढल्या की कुरण तेवढंच राहतं आणि तिथली जंगली जनावरं मागे ढकलली जातात. मंगोलिया, तिबेटचं पठार आणि उत्तर भारत इथल्या कॅशमिअरच्या, म्हणजे शेळीच्या अशाच मऊ लोकरीच्या, व्यापाराचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहिलेल्या भागांतला ९५ टक्क्यांहून जास्त चारा पाळीव जनावरं खातात, असं त्यात निघालं. भरल (जंगली निळी मेंढी) आणि आयबेक्स (जंगली शेळी) हे हिमबिबट्याचं भक्ष्य. ते कमी झाले की हिमबिबट्या गोठ्यात उडी मारतो. एका रात्रीत कळपातली अनेक जनावरं मारतो, आणि सकाळी गाव त्याच्या मागे लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी नवी पश्मिना घेणारा माणूस, तूश न घेताही, या साखळीत असतो.

भारतातल्या पहिल्या देशव्यापी गणनेचा आकडा जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला: ७१८ हिमबिबटे, त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये. म्हणजे शेळ्यांचा मुलूख आणि हिमबिबट्याचा मुलूख बराचसा एकच.

यातून खरेदीचे तीन वेगळे प्रकार निघतात. ते एकमेकांत मिसळले की फसगत ठरलेली.

पहिला, नुकसान टाळणारी खरेदी: प्रमाणपत्र असलेली एक पश्मिना घ्यायची आणि वीस वर्षं वापरायची. याने हिमबिबट्याला थेट काही मिळत नाही, आणि तसा दावाही करू नये.

दुसरा, माणसांना रास्त मोबदला देणारी खरेदी. लेहमध्ये लूम्स ऑफ लडाख ही बायकांची सहकारी संस्था आहे. लोकर कच्ची विकून टाकण्याऐवजी तिथेच कातून-विणून विकली की गावात जास्त पैसा राहतो. हे चांगलं आहे. पण रास्त मजुरी आणि वन्यजीव संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीतून दुसरी आपोआप होत नाही.

तिसरा, अट घातलेली खरेदी. हाच खरा मुद्दा. स्नो लेपर्ड ट्रस्टने १९९८ मध्ये मंगोलियात एक योजना सुरू केली. मेंढपाळ बायका लोकरीच्या वस्तू करतात, संस्था त्या विकत घेते, आणि वर्षभर त्या भागात हिमबिबट्याची किंवा त्याच्या भक्ष्याची शिकार झाली नाही तर किमतीवर वीस टक्के बोनस मिळतो. एकानेही शिकार केली तर सगळ्या गटाचा बोनस जातो. त्यामुळे शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो, वनरक्षक नेमावा लागत नाही. भारतात याच धर्तीवर हिमाचलमधल्या स्पितीत, किब्बर आणि आसपासच्या गावांत, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेसोबत काम करणारा बायकांचा "शेन" नावाचा उपक्रम आहे. शेन म्हणजे तिथल्या बोलीत हिमबिबट्या. शाल घेणं परवडत नसेल तर इथली एखादी छोटी लोकरी वस्तू घ्या. प्राण्याच्या दृष्टीने ती महागड्या पश्मिनाहून जास्त कामाची आहे, असं माझं मत.

किब्बर गावाने कुरणाचा एक भाग चराईला बंद ठेवला, आणि तिथे भरल वाढले. त्याच गावात हिमबिबट्याने मारलेल्या जनावरांसाठी विमा योजनाही चालते. पैसा कशाला लागतो ते यावरून कळतं: विमा, राखीव कुरण आणि वरून जाळी बसवलेले पक्के गोठे.

आता विक्रेत्याला विचारायचे तीन प्रश्न. निघण्याआधी ई-मेलवर विचारा, दुकानात गर्दीत विचारू नका.

एक: किमतीतला किती हिस्सा संरक्षणाला जातो, आणि तो विक्रीच्या किमतीवर की नफ्यावर? ९०० रुपयांच्या वाघाच्या टी-शर्टवर "नफ्यातले १० टक्के वाघांसाठी" असं लिहिलेलं असतं. नफा ९० रुपये धरला तर वाघाच्या वाट्याला आले नऊ.

दोन: पैसे कुणाला मिळतात, त्या संस्थेचं नाव काय? "स्थानिक समुदाय" हे नाव नव्हे.

तीन: गावाने बदल्यात काय कबूल केलं आहे? इथे उत्तर अडखळलं तर ती दुसऱ्या प्रकारची खरेदी समजा. घ्यायची तर जरूर घ्या, पण हिमबिबट्याच्या नावावर मांडू नका.

सावध: छापील बिबट्या, पॅकिंगवरची हिरवी पानं, "इको" हा शब्द, यांना शून्य गुण.

तपासा: तिन्ही उत्तरं लिहून मिळाली का? नसतील तर तेवढी रक्कम संस्थेला थेट द्या, पावती घ्या आणि जुनीच शाल पांघरा. यात लाजण्यासारखं काही नाही.

४. दुकानात: कागद, उजेड, हात, भाव

क्रम हाच ठेवा.

कागद. काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. श्रीनगरच्या तपासणी केंद्रात शाल तीन गोष्टींसाठी पाहतात: तंतू १६ मायक्रॉनपर्यंतचा आहे का, सूत हाताने कातलेलं आहे का, कापड हातमागावरचं आहे का. उतरलेल्या शालीवरच क्रमांक असलेलं लेबल लावतात. "लेबल ऑफिसमध्ये आहे, पाठवून देतो" म्हणजे लेबल नाही. क्रमांक फोनवर तिथेच पडताळा, हॉटेलवर गेल्यावर नव्हे.

हे लेबल लोकर आणि कारागिरीबद्दल बोलतं. त्या शालीत तूश मिसळलेली नाही याचा वेगळा दाखला देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या पश्मिना प्रमाणन केंद्रातून मिळतो. तो मुख्यतः निर्यातीसाठी असतो, कारण पश्मिनाच्या शालीत चिरूचे केस सापडल्याने माल अडकल्याचं पूर्वी घडलं आहे. परदेशी राहणाऱ्या लेकीसाठी शाल घेत असाल तर असा दाखला असलेलीच मागा.

उजेड. शाल खिडकीसमोर धरा. हातसुताची आणि हातमागाची वीण किंचित असमान दिसते, कुठे धागा जाड तर कुठे बारीक. यंत्रावरची एकसारखी असते. यंत्रावर पश्मिनाचं सूत तुटू नये म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर ते आम्लाने काढून टाकतात. त्यात तंतू कमजोर होतो आणि शाल लवकर फाटते. दीर्घकाळ वापरायची शाल म्हणून यंत्राची नको.

हात. आता लावा. पश्मिनाला झगझगीत चमक नसते. काच लावल्यासारखं गुळगुळीत लागलं तर रेशीम किंवा व्हिस्कोस असणार.

भाव सगळ्यात शेवटी. हातसुताची साधी, भरतकाम नसलेली पूर्ण शालही पाच आकड्यांच्या आसपास जाते. भाव निम्म्यावर उतरला तर आनंद मानू नका, वस्तू बदलली नाही ना ते पाहा. मी एकदा आईसाठी आणि मावशीसाठी अशाच दोन घेतल्या. दाखवल्या एक आणि बांधून दिल्या दुसऱ्या. पहिल्या धुण्यात दोन्ही चामड्यासारख्या झाल्या. मावशी अजून विचारते.

जाळून पाहण्याबद्दल: झालरीचा सुटा धागा जाळला की लोकर केसासारखा वास देते आणि राख चुरगळते. व्हिस्कोस कागदासारखं जळतं. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. म्हणजे खोटी लोकर पकडता येते. पण मेंढी, पश्मिना आणि तूश तिन्ही सारखीच जळतात. तूश नाही एवढं सिद्ध करायला ही चाचणी निरुपयोगी आहे, अंगठीची तर त्याहून.

सावध: "मॅडम, असली माल अंदर है." आत जाऊ नका. बघायला म्हणूनही नको.

५. बिल आणि प्रवास

बिलावर "शाल १ नग" चालणार नाही. "पश्मिना, हातसूत, हातमाग" असे शब्द, लेबलचा क्रमांक, जीएसटी क्रमांक आणि दुकानाचा पत्ता लिहून घ्या. रोखीत थोडं स्वस्त मिळतं म्हणून बिल सोडणाऱ्यांची संख्या पाहता हे दोनदा लिहायला हवं.

परदेशात नेताना बिल आणि दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. चिरू १९७९ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. सभासद देशांत त्याच्या लोकरीचा व्यापार बंद आहे आणि सीमेवर शाल जप्त होऊ शकते. स्वित्झर्लंडच्या कस्टम्सने प्रवाशांच्या शाली ताब्यात घेतल्या आहेत. कुणी "माझ्यासाठी एवढी घेऊन जा" म्हणून पुडकं दिलं तर ते उघडून पाहा आणि बिल मागा. मिळालं नाही तर परत करा, राग आला तरी चालेल.

६. घरी आल्यावरची वीस वर्षं

शाल जितकी टिकेल तितक्या शेळ्या कमी लागतील. त्यामुळे निगा हा सोहळा नव्हे, सगळ्या हिशेबाचा पाया तोच.

दर वेळी धुऊ नका. वापरून झाली की तासभर सावलीत वाऱ्यावर टाका. वर्षातून एकदा थंड पाण्यात रिठ्याच्या फेसात किंवा लहान मुलांच्या शाम्पूत हलकेच बुडवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि आडवी पसरून सावलीत वाळवा. दोरीवर टांगली की ओल्या वजनाने ताणून लांब होते. गोळे आले तर घाबरू नका, खऱ्या पश्मिनालाही येतात. हाताने हळू काढा.

कसर हा खरा शत्रू. तिला घाम आणि अन्नाचे डाग लागलेली लोकर आवडते, म्हणून मळकी शाल कधीच कपाटात घालू नका. मलमलच्या किंवा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा, सोबत वेखंडाचे तुकडे ठेवा. डांबरगोळ्या लोकरीला टेकू देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात तर अजिबात नको. कसर दिसलीच तर शाल घट्ट बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग मऊ ब्रशने झटका. प्लॅस्टिक इथे, एवढ्यापुरतंच चालतं.

तपासा: दसऱ्याच्या आधी आणि होळीनंतर, वर्षातून दोनदा, घडी उघडून पूर्ण शाल उजेडात पाहा. घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, नाहीतर तिथेच विरते.

छिद्र पडलं तर शिंप्याकडे नेऊ नका, रफूगराकडे न्या. नजीबाबादचे रफूगर या कामासाठी ओळखले जातात, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या कापडबाजारात विचारलं तर रफूवाला सापडतो. त्याला त्याच रंगाचा, त्याच जाडीचा धागा लागतो. म्हणून शाल नवी असतानाच झालरीतले चार-पाच धागे काढून कागदात गुंडाळा, बिलासोबत ठेवा आणि पाकिटावर शालीचं नाव लिहा.